शेवटचे दोन ठोके

नागपूर, १८ नोव्हेंबर २०२४

वैदेही,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई घालवत नाही.

परवा तुला फोनवर पेटीचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि सोबत एक ओळही लिहिली नाही, म्हणून तू फोनावर फोन केलेस. मी उचलले नाहीत. उभी नोकरी ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डवर लोकांची बोलणी जोडण्यात गेली. आता कानाला काही लावावंसं वाटत नाही. दुसरं असं की तुझ्या काकांना पक्षाघातानंतर बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं. मी फोनवर बोलू लागले की त्यांना वाटतं, विषय ते स्वतःच आहेत. आणि बहुतेक वेळा असतातही. तेव्हा पत्र. तूही कागदावरच लिही. मेल मी वाचते, पण ते वाचल्यासारखं वाटत नाही.

आता त्या रेकॉर्डिंगबद्दल. व्यायाम घेणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की डाव्या हाताची बोटं चालती ठेवा, म्हणून तू टॅबवर तो 'नऊ घाट' नावाचा खेळ घालून दिलास. काका रोज दुपारी तो खेळतात. म्हणजे बोट ते लावतात आणि टॅब मी धरते. प्रवासी एकेक घाट चढत जातो, वाटेत माणसं भेटतात, प्रत्येक माणसापाशी त्याचं त्याचं संगीत वाजतं. सहाव्या घाटावर एक चौकी आहे. तिथे कंदील घेऊन एक बाई बसलेली असते. ती फक्त एवढंच म्हणते, "रस्ता मोकळा आहे, पुढे जा." तिला संगीत नाही. नुसता वारा.

काका तिथे पोहोचले की पुढे जातच नाहीत. मी म्हणते, बोट लावा. ते मानेने नाही म्हणतात. अर्धा अर्धा तास मी ती बाई आणि तो वारा बघत बसते. शेवटी राग आला. खेळात म्हाताऱ्या धनगराला संगीत, चोराला संगीत, एका बकरीलासुद्धा संगीत, आणि जी बाई रात्रंदिवस जागेवर आहे तिला काही नाही?

म्हणून पेटी काढली. भाता फाटला होता, चिकटपट्टी लावली. खालचा सा धरून ठेवला, एक्स्चेंजमध्ये मोकळी लाइन वाजायची तसा, आणि त्यावर तीन सुरांची ओळ ठेवली. ती ओळ विचारत नाही, सांगते. पुढे जा, एवढंच. सलग बसायला मिळत नाही, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने झाली.

तू म्हणाली होतीस की या खेळाचे चाहते अशा धुना बनवतात आणि एका पानावर ठेवतात. ठेवायची तर ठेव. आहे तशी ठेव. नाव देऊ नकोस.

तुझी,
मावशी

*

बंगळूर, १ डिसेंबर २०२४

मावशी,

तुझ्या आज्ञेवरून किती तरी वर्षांनी कागद घेतला आहे. अक्षराला हसू नकोस.

धून मी सात वेळा ऐकली आणि आठव्यांदा माझ्या ऑफिसमधल्या साहिलला ऐकवली. त्याला ध्वनी साफ करण्याचं वेड आहे. त्याने दोन दिवस बसून कुकरची शिट्टी काढली, गल्लीतल्या भाजीवाल्याला काढलं, काकांचा खोकला काढला. शेवटी दोन ठोके होते, बहुतेक तू पेटीचं झाकण लावलंस, तेही काढले. आता ती इतकी स्वच्छ झाली आहे! शेवटचा सूर हळूहळू वाऱ्यात विरून जातो. आणि मधली ती शांतता! साहिल म्हणाला, "तुझ्या मावशीला थांबणं कळतं. आमच्यासारखे लोक घाबरून ती जागा भरून टाकतात."

मावशी, लोकांनी अक्षरशः उचलून धरली आहे. एकाने लिहिलंय की वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तो हीच ऐकत होता. आणि आता खरी बातमी. खेळ बनवणाऱ्यांचा निरोप आला आहे. त्यांना ही धून खेळातच त्या चौकीवर घालायची आहे. फेब्रुवारीअखेर तुझा होकार आणि पक्कं नाव हवं.

नावाबद्दल रागावू नकोस. त्या पानावर नावाशिवाय काही चढवताच येत नाही. मी 'वाट पाहणारी' असं दिलं. लोकांना फार आवडलं. फॅमिली ग्रुपवरही टाकली आहे, सगळे खूश आहेत.

तुझी,
वैदेही

*

नागपूर, १२ डिसेंबर २०२४

वैदेही,

सगळे खूश नाहीत.

चंद्रावन्संचा काटोलहून फोन आला. वाजतच राहिला, म्हणून घेतला. नमस्कार नाही, काही नाही. "काहून वं, कोनाची वाट पाहून राहिली तू? माह्या भावाची तिरडी उठाची? अन् ते अख्ख्या खानदानाले पेटीवर वाजवून सांगून राहिली?" मी म्हटलं, "वन्सं, नाव मी दिलं नाही." त्या म्हणाल्या, "वाजवलं तर तूच नं!" आणि ठेवला. काका समोरच होते. वन्संचा आवाज फोनमधून बाहेर येतो, तुला माहीत आहे. त्यांनी ऐकलं. संध्याकाळी जेवले नाहीत.

तू हे जाणून केलं नाहीस, ते मला कळतं. पण नाव देण्याआधी विचारायला हवं होतं. मी देऊ नको म्हटलं होतं ते लहर म्हणून नव्हे. नाव दिलं की लोक धून ऐकत नाहीत, नाव ऐकतात.

ती बाई कोणाची वाट पाहत नाही. ती ड्यूटीवर आहे. दोन्हींत बसणं सारखंच दिसतं, पण वाट पाहणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं आणि ड्यूटीवरच्या माणसाचं कामावर. एवढं तुला कळावं, अशी माझी अपेक्षा होती.

आणि ते झाकण नव्हतं. ऐक. आमच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डवर बसलेल्या बाईला रिलीव्हर आल्याशिवाय उठता येत नसे. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीची बाई. ती मागे येऊन उभी राहायची, आपला हेडसेट शेजारच्या भोकात घालायची, चालू असलेले कॉल ऐकून घ्यायची आणि मग आपल्या खांद्यावर दोन टपल्या मारायची. लाइनवर माणसं असायची, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पहिली टपली म्हणजे मी आले. दुसरी म्हणजे तू ऊठ. दुसरी पडेपर्यंत जागा सोडायची नाही, मग बाहेर दंगल होवो की घरी पोर तापाने फणफणो. दुसरी टपली पडली की पाठीतून जे काही उतरायचं, त्याला पगारात मोजता येत नाही.

धुनीच्या शेवटी मी पेटीच्या लाकडावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं. ती टपली आहे. त्या बाईला कोणीतरी उठवायला आलं, म्हणून धून संपते. तुझ्या साहिलने नेमकी तीच साफ केली. आता धून संपतच नाही, नुसती विरते. मग लोकांना ती वाट पाहणारी वाटणारच.

मधल्या शांततेबद्दलही त्याला सांग. ते थांबणं नाही. त्या वेळी मी उठून काकांना कुशीवर वळवत होते.

नाव काढ. ठोके परत घाल.

मावशी

*

बंगळूर, २८ डिसेंबर २०२४

मावशी,

चुकले. काकांनी ऐकलं हे वाचल्या वाचल्या ग्रुपवरून काढलं आहे. त्या पानावर मात्र नाव बदलता येतं, नुसतं काढता येत नाही. दुसरं काहीतरी द्यावंच लागेल. काय देऊ ते तूच सांग.

ठोक्यांचं साहिलशी बोलले. मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे, घालायला काहीच लागत नाही. पण तो म्हणतो, आणि मलाही थोडं पटतं, की खेळाच्या गोष्टीत ते बसत नाही. त्या चौकीवर दुसरं कोणी येतच नाही, गं. मी पूर्ण नऊ घाट खेळले आहे. प्रवासी परत येतो तेव्हा त्याचे केस पिकलेले असतात आणि ती तिथेच बसलेली असते. ठोके वाजले तर लोकांना वाटेल कोणीतरी आलं, आणि मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही.

हे लिहिताना एक प्रश्न मनात आला. विचारू नये, तरी विचारते. मावशी, तुझी रिलीव्हर कोण आहे?

इथे माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना अशा एका ठिकाणी ठेवलं आहे जिथे सगळं बघतात. नर्स असतात, बागही आहे. नागपुरातही असतील. मी चौकशी करू का? निदान काही दिवसांसाठी. तू थोडी झोपशील.

वैदेही

*

नागपूर, २० जानेवारी २०२५

वैदेही,

उत्तराला उशीर झाला. काकांच्या छातीत कफ झाला होता, दवाखान्यात होतो. आता घरी आहोत. ते आणखी हलके झाले आहेत. उचलायला सोपं जातं, आणि सोपं जातं हे आवडत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कोणी नाही. बायका ठेवून पाहिल्या. एक चांगली होती, तिचं लग्न ठरलं. दुसरी टीव्हीकडे बघत भरवायची. त्या बागेच्या ठिकाणाची चौकशी करू नकोस. काका घर सोडून दवाखान्यात गेले तेव्हा डावा हात माझ्या पदराला होता आणि परत येईपर्यंत सोडला नाही. अशा माणसाला बाग दाखवता येत नाही.

तुला आणखी एक सांगायचं आहे. हे वन्संना कळता कामा नये.

दवाखान्यातून आल्यावर एकदा त्यांना चहाचा ठसका लागला. डोळे वर गेले. मी खुर्चीत होते, हातभर अंतरावर. मी उठले, पाठीवर थापट्या मारल्या, ठसका गेला, ते ठीक आहेत. पण उठायच्या आधी एक श्वासभर मी बसून होते. त्या श्वासात मनात जे येऊन गेलं, त्याला तू दिलेलं नाव अगदी चपखल बसतं. म्हणून ते नाव वाचून मला एवढा राग आला होता, हे मला त्या दिवशी समजलं. तू चुकीचं नाव दिलं असतंस तर मी हसले असते.

त्यामुळे मागच्या पत्रातली माझी सगळी ऐट मी परत घेते. ड्यूटी वगैरे. आणि साहिलचं ठोक्यांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. तिथे कोणी येत नाही. मी ते ठोके घातले कारण मला ते हवे होते, त्या बाईला मिळाले म्हणून नव्हे. संगीत रचताना असा खोटेपणा करू नये. काढले तेच योग्य.

खेळवाल्यांना हो म्हणायचं की नाही, नाव काय ठेवायचं, तूच ठरव. मला आता दमायला झालं आहे. पेटी परत कपाटावर ठेवली. भात्याची चिकटपट्टीही सुटली.

मावशी

*

बंगळूर, २ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझ्या पत्रावर मी काही म्हणणार नाही. ते माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. एकच म्हणते: तू उठलीस.

मी एक आगाऊपणा केला आहे. चंद्राआत्यांना फोन केला. आधी त्यांनी मला पोटभर बोलून घेतलं. नाव माझं होतं हे सांगितल्यावर आणखी बोलून घेतलं. मग मी तुझं डिसेंबरचं पत्र, एक्स्चेंजचं, टपल्यांचं, त्यांना वाचून दाखवलं. फक्त तेवढाच भाग. जानेवारीच्या पत्राचा उच्चारही केला नाही.

मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाल्या, "दोन मारा लागते म्हनते?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

बरं केलं की वाईट, मला माहीत नाही. रागवायचं तर कागदावर रागव.

खेळवाल्यांना मी अजून काही कळवलेलं नाही. नाव तूच देणार आहेस. मी पुन्हा देणार नाही.

वैदेही

*

नागपूर, १६ फेब्रुवारी २०२५

वैदेही,

वाईट केलंस असं लिहिणार होते. पण आता वेळ मिळाला आहे तर सविस्तर लिहिते.

गेल्या सोमवारी दुपारी दार वाजलं. चंद्रावन्सं. काटोलच्या बसने, सोबत स्वतःची गोधडी आणि संत्र्यांची बोरी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण ऑटोवाल्याला त्या बोरीला हात लावू दिला नाही, कारण तो आपटेल. आत आल्या, चपला काढल्या, आणि पहिलं वाक्य: "काय वं, खोलीत किती कोंदट करून ठेवलं! जित्या माणसाले श्वास लागते."

मी म्हटलं, "खिडकी उघडली की त्यांना सर्दी होते."

"मले नको शिकवू. याले नदीवर पोहाले मी नेत होती."

मी काकांना भरवत होते. वाटी हातात होती. वन्सं हातपाय धुऊन आल्या, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. थोडा वेळ नुसत्या बघत होत्या, घास केवढा, चमचा कुठल्या बाजूने, किती थांबायचं. मला वाटलं, आता आणखी काहीतरी काढतील. आणि खांद्यावर थाप! लगेच दुसरी! वाटीतली पेज सांडली.

"दोन मारा लागते नं? मारल्या. ऊठ."

मी म्हटलं, "वन्सं, इतक्या जोरात नसतं मारायचं."

"मंग काय हळदीकुंकू लावू तुले? ऊठ म्हटलं नं. मी पाह्यलं सगळं, डाव्या गालातून द्यायचं. आण ती वाटी."

मी उठले. उठून काय करायचं ते समजेना. स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला. तो पुसलेलाच होता. मग मागच्या दाराशी उभी राहिले आणि मला आठवलं, दुसऱ्या टपलीनंतर आम्ही असंच मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायचो.

त्यांनी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. रात्रीच्या जेवणानंतर समोरासमोर बसून संत्री सोलली. त्या म्हणाल्या, मी यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मी बोलवायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "तू कायले बोलावते, तू तर सायबीण." एवढंच झालं. आता दर महिन्याला आठ दिवस येणार, असं त्यांनी ठरवलं आहे. मला विचारलेलं नाही. माझ्या वरणाला, माझ्या झाडण्याला आणि औषधाच्या डबीवर मी लावलेल्या चिठ्ठ्यांना नावं ठेवून झाली आहेत. काका त्यांच्या हातून संत्र्याचा कुस्करलेला गर खातात आणि त्या रागावल्या की एका बाजूने हसतात. ते हसू मी दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

जानेवारीत लिहिलेलं अजून आहे. ते पुसलं गेलं असं समजू नकोस. पण माणसाला झोप मिळाली की त्याच्या मनात येणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात, एवढं आठ दिवसांत लक्षात आलं.

आता कामाचं. खेळवाल्यांना माझा होकार कळव. दोन्ही ठोके परत घाल, आणि साहिलला सांग, मूळचे फार हळू आहेत. मी बोटाच्या पेराने वाजवले होते, वन्संच्या थापेचा अनुभव नव्हता. आवाज वाढव. दचकायला झालं पाहिजे. चौकीवर कोणी येत नाही म्हणून ते बसत नाहीत, हे त्याचं म्हणणं मी मान्य केलं होतं, ते परत घेते. खेळवाल्यांना विचार, येत नाही म्हणजे काय? पाठवा की कोणीतरी. एवढ्या बकऱ्या काढता, एक बाई काढता येत नाही?

मधली शांतता तशीच राहू दे. ती खरी आहे.

नाव असं लिही: 'रिलीव्हर येईपर्यंत'. लोकांना आवडणार नाही. आवडायला ते दिलेलं नाही. त्यात वाट पाहणंही आहे, ते मला दिसतं. असू दे. पण त्यात ती बाई बसून काय करते तेही आहे आणि पुढे कोणीतरी येणार आहे तेही. आणि रचणाऱ्याचं नाव द्यावंच लागत असेल तर नुसतं अरुंधती लिही, आडनाव नको, कारण

वैदेही, मी चंद्राआत्या लिहून राहिली. तुही मावशी लिहिता लिहिता टेबलावरच झोपली. कारण काय होतं ते तिलेच माहीत. उठवाले गेली, पण जिवावर आलं. चष्मा काढून ठेवला. तोंड उघडं ठेवून झोपली हाय, सांगू नको तिले.

मी वरचं सगळं वाचलं नाही. माह्याबद्दल लिहिलं तेवढं वाचलं. हळूच मारल्या होत्या मी.

पाकीट उद्या मीच टाकते. शिऱ्या, तुहा काका, इथं टॅब घेऊन त्याच बाईपाशी जाऊन बसला हाय. ती म्हणते, रस्ता मोकळा हाय, पुढं जा. मी म्हटलं, जा नं बापा. तो मानेनंच नाही म्हणते अन् तुह्या मावशीकडं पाहते.

मी म्हटलं, बस मंग. कोनाले घाई हाय.